एकच बायबल, दोन छावण्या: अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धावर ख्रिस्ती कादंबरी लिहायला घेताना

सप्टेंबर 1775. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्ट बंदरात बेनेडिक्ट अरनॉल्डची तुकडी क्वेबेकच्या मोहिमेसाठी जमली होती. रविवारी तिथल्या प्रेसबिटेरियन मंदिरात तुकडीचे तरुण चॅप्लिन, म्हणजे सैन्याबरोबरचे पाळक, सॅम्युएल स्प्रिंग यांनी उपदेश केला. वचन होतं बायबलमधल्या निर्गमच्या 33व्या अध्यायातलं, मोशेची देवाला विनवणी: तू बरोबर येणार नसशील, तर आम्हांला इथून पुढे नेऊच नकोस. ज्या व्यासपीठावर ते उभे होते, त्याच्याच खाली पाच वर्षांपूर्वी जॉर्ज व्हाइटफील्ड यांना पुरलं होतं. उपासना आटोपल्यावर काही अधिकारी खाली उतरले आणि त्यांनी शवपेटी उघडायला लावली. देहाची माती झाली होती, पण गळ्याची पट्टी आणि मनगटाच्या पट्ट्या शिल्लक होत्या. त्यांचे तुकडे करून ते त्यांनी आपसात वाटून घेतले.

या प्रसंगाकडे जरा थांबून पाहा. संतांच्या अवशेषांची पूजा ज्यांना मूर्तिपूजा वाटायची, ते कडवे प्रॉटेस्टंट कापडाचे तुकडे खिशात घालताहेत. इंग्लंडविरुद्ध लढायला निघालेले सैनिक एका इंग्रज धर्मोपदेशकाची आठवण उराशी धरताहेत. आणि त्यांचा सेनापती पाच वर्षांनी इंग्रजांना जाऊन मिळणार आहे. एका अख्ख्या कादंबरीचं बी इथे आहे.

आपल्याशी त्याचा धागाही आहे. हेच स्प्रिंग पुढे न्यूबरीपोर्टमध्येच पाळक झाले आणि 1810 साली परदेशी मिशनकार्यासाठी जे अमेरिकन बोर्ड स्थापन झालं, त्याच्या संस्थापकांत होते. त्या बोर्डाने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशन ते हेच. नगर, सोलापूर, साताऱ्याच्या कित्येक ख्रिस्ती घरांची कहाणी तिथून सुरू होते. माझंही घर त्यातलंच, म्हणून या विषयाकडे मी परक्या देशाची गोष्ट म्हणून पाहू शकत नाही.

ज्यांना या काळावर श्रद्धेच्या अंगाने मराठीत कादंबरी किंवा दीर्घकथा लिहायची आहे आणि सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, त्यांच्यासाठी मी ज्या क्रमाने काम करते तो क्रम इथे मांडते.

पहिली पायरी: देश नव्हे, एक मंडळी निवडा

नवखा लेखक ‘अमेरिकन क्रांती’ हा विषय घेतो आणि तेरा वसाहतींत हरवतो. तुम्ही एक गाव, एक मंडळी (एकत्र उपासना करणारा एका ठिकाणचा ख्रिस्ती समूह) आणि फार तर दीड-दोन वर्षं घ्या. कारण ‘ख्रिस्ती’ या एका शब्दाखाली तेव्हा फार वेगवेगळी माणसं होती. न्यू इंग्लंडमध्ये काँग्रिगेशनल मंडळ्यांचा जोर होता, आणि तिथले पाळक राजाच्या जुलमाविरुद्ध उघड उपदेश करत. व्हर्जिनियात अँग्लिकन चर्च सरकारमान्य होतं; तिथे परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून बाप्टिस्ट उपदेशक तुरुंगात जात होते. डोंगराकडच्या वस्त्यांत स्कॉच-आयरिश प्रेसबिटेरियन. पेनसिल्व्हेनियात क्वेकर, जर्मन ल्यूथरन, मेनोनाइट, मोरेव्हियन. मेरीलँडमध्ये कॅथलिक. मेथडिस्ट तर कात्रीत सापडले होते: त्यांचे गुरू जॉन वेस्ली यांनी 1775 मध्ये वसाहतवाल्यांच्या विरोधात पत्रक काढलं, आणि त्यांनी पाठवलेले प्रचारक एकेक करून मायदेशी परतले. फ्रान्सिस अ‍ॅसबरी तेवढे राहिले.

तुमची नायिका यांपैकी कुठल्या बाकावर बसते हे ठरलं, की तिचे कपडे, तिचं लग्न, तिची भीती, तिचं गाणं, सगळं निम्मं ठरून जातं.

उदाहरणादाखल या लेखात आपण एक गोष्ट हाताशी धरू. फिलाडेल्फिया, 1777. एक क्वेकर मुलगी, म्हणजे शस्त्र हाती न धरणाऱ्या ख्रिस्ती पंथातली. तिचा भाऊ बंदूक घेऊन मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या फौजेत, गेला आहे, आणि त्यासाठी क्वेकर सभेने त्याला सभासदत्वातून काढून टाकलं आहे. हे मनाने रचलेलं वाटेल, पण असं खरोखर घडत होतं. लढाईच्या बाजूने उभं राहिल्याने ज्यांना काढलं गेलं, अशा काहींनी मिळून 1781 मध्ये ‘फ्री क्वेकर’ म्हणून वेगळी सभा काढली.

दुसरी पायरी: दोन्ही बाजूंना बायबल द्या

या लेखातलं मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हेच. देव अमेरिकनांचा आणि सैतान इंग्रजांचा, असं धरून लिहिलेली कादंबरी पाचव्या पानावर मरते. त्या युद्धाची खरी वेदना ही, की दोन्हीकडची माणसं गुडघे टेकत होती, एकच ग्रंथ उघडत होती आणि वेगळ्या पानावर थांबत होती.

रोमकरांस पत्राचा 13वा अध्याय घ्या. प्रत्येकाने वरच्या अधिकाऱ्यांच्या अधीन असावं, कारण अधिकार देवाकडून आहे, असं पौल सांगतो. राजनिष्ठ अँग्लिकन पाळकांसाठी इथे विषय संपत होता. त्यांनी तर दीक्षेच्या वेळी राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथच घेतली होती. तोच अध्याय न्यू इंग्लंडचे पाळक पुढे वाचत: अधिकारी हा चांगल्यासाठी देवाचा सेवक आहे, मग जो चांगलं करतच नाही तो कसला सेवक? दुसरीकडे 1 शमुवेलचा 8वा अध्याय, जिथे इस्राएल राजा मागतो आणि शमुवेल त्यांना राजा काय काय हिरावून नेईल ते सांगतो. थॉमस पेनने जानेवारी 1776 च्या आपल्या गाजलेल्या पत्रकात राजेशाहीविरुद्ध याच अध्यायाचा आधार घेतला. हा तोच पेन, ज्याचं पुढचं लेखन आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी वाचलं. पेन स्वतः बायबल ईश्वरप्रणीत मानत नव्हता, हे त्याने नंतर उघडच लिहिलं. पण आपला वाचक कोणता ग्रंथ उशाशी ठेवून झोपतो, हे त्याला ठाऊक होतं.

आणि क्वेकर मुलीचं काय? तिच्या घरी तिसरंच पान उघडलेलं: शत्रूंवर प्रीती करा.

या द्वंद्वाचं जिवंत उदाहरण हवं असेल तर जेकब डुशे यांच्याकडे जा. फिलाडेल्फियाच्या क्राइस्ट चर्चचे हे अँग्लिकन पाळक. 7 सप्टेंबर 1774 रोजी वसाहतींच्या प्रतिनिधींच्या पहिल्या काँग्रेससमोर त्यांनी त्या दिवसाचं नेमलेलं स्तोत्र, 35वं, वाचलं आणि मग उत्स्फूर्त प्रार्थना केली. जॉन अ‍ॅडम्सने पत्नीला लिहिलेल्या पत्रात त्या प्रार्थनेने सभा कशी हेलावली ते नोंदवलं आहे. 4 जुलै 1776 ला त्यांच्याच चर्चच्या विश्वस्तांनी प्रार्थनेतून राजाचं नाव वगळायचं ठरवलं. पण सप्टेंबर 1777 मध्ये इंग्रजांनी शहर घेतलं, डुशेंना अटक होऊन सुटका झाली, आणि ऑक्टोबरात त्यांनी वॉशिंग्टनला पत्र लिहिलं: स्वातंत्र्याची घोषणा मागे घ्यायला लावा. वॉशिंग्टनने ते पत्र काँग्रेसकडे सोपवलं. डुशे इंग्लंडला गेले आणि 1792 पर्यंत परतले नाहीत. भ्याड म्हणून त्यांना निकालात काढणं सोपं आहे. ते खरोखर काय मानत होते, कोणत्या रात्री त्यांचं मन फिरलं, याच्या मागे लागा.

तिसरी पायरी: आधी रोजनिशी, मग इतिहासग्रंथ

घटनाक्रम एका पानावर मांडा, एवढं पुरे: डिसेंबर 1773 मध्ये बॉस्टन बंदरात चहा बुडवला, 19 एप्रिल 1775 लेक्सिंग्टनची पहिली चकमक, 4 जुलै 1776 स्वातंत्र्याची घोषणा, ऑक्टोबर 1777 साराटोगाला आणि 19 ऑक्टोबर 1781 यॉर्कटाउनला इंग्रजांची शरणागती, 3 सप्टेंबर 1783 पॅरिसचा तह. शेजारी आपल्याकडचा रकाना लिहिलात तर काळ मनात पक्का बसतो. यॉर्कटाउनच्या आधी जवळजवळ तीन वर्षं, जानेवारी 1779 मध्ये, वडगावला इंग्रजांनी मराठ्यांपुढे शरणागती पत्करली होती. आणि यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस 1786 मध्ये इकडे गव्हर्नर जनरल होऊन आला आणि टिपूविरुद्ध मराठ्यांच्या जोडीने लढला. हे कादंबरीत येणार नाही. पण जग केवढं एकमेकांत गुंतलेलं होतं ते लिहिणाऱ्याला कळलेलं असावं.

त्यानंतर थेट त्या माणसांचे शब्द वाचा. फिलाडेल्फियाच्या एलिझाबेथ ड्रिंकर या क्वेकर बाईंची रोजनिशी आपल्या गोष्टीसाठी सोन्याची खाण आहे. त्यांचे पती हेन्री व्यापारी होते. 1773 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा चहा ज्यांच्या नावावर फिलाडेल्फियाला यायचा होता, त्यांत त्यांची पेढी होती. सप्टेंबर 1777 मध्ये इंग्रज जवळ येत असताना शहरातल्या प्रमुख क्वेकरांना निष्ठेचं वचन देण्यास नकार दिल्याबद्दल पकडलं आणि विनाचौकशी व्हर्जिनियातल्या विंचेस्टरला हद्दपार केलं. हेन्री त्यांत होते. दोघे जण तिथेच वारले. एप्रिल 1778 मध्ये एलिझाबेथ आणि आणखी काही बाया घोडागाडीने निघाल्या, व्हॅली फोर्जच्या छावणीत जाऊन वॉशिंग्टनला भेटल्या आणि नवऱ्यांच्या सुटकेसाठी बोलल्या. महिनाअखेर माणसं घरी आली.

स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांनीच चौकशीशिवाय माणसं हद्दपार केली, ही गोष्ट क्रांतीवर प्रेम करणाऱ्या लेखकाला टोचते. ती टोचणी कादंबरीत आली पाहिजे.

वॉशिंग्टन, अ‍ॅडम्स, फ्रँकलिन यांची पत्रं ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. तेव्हाची छापील प्रवचनंही इंटरनेटवर सापडतात. निदान एक प्रवचन अखेरपर्यंत वाचा, मोठ्याने. मी 17 मे 1776 चं जॉन विदरस्पून यांचं वाचलं. हे प्रिन्स्टनच्या कॉलेजचे प्रमुख, आणि घोषणेवर सही करणारे एकमेव सेवारत पाळक. माणसाच्या क्रोधातूनही देव आपली स्तुती घडवतो, या 76व्या स्तोत्रातल्या ओळीवर ते तासभर बोलतात, आणि राजकारणाकडे येतात ते बऱ्याच उशिरा. आधी श्रोत्यांच्या पापांचा हिशेब. तेव्हाचं कान देऊन ऐकणं कसं असेल, याचा अंदाज अशा वाचनातूनच येतो.

वही दोन भागांत ठेवा. एकात ‘काय झालं’. दुसऱ्यात ‘कधी कळलं’. हा दुसरा भाग कोणी ठेवत नाही आणि तिथेच गोष्टी फसतात. लेक्सिंग्टनची बातमी घोडेस्वारांनी फिलाडेल्फियाला पोचवली 24 एप्रिलला, पाच दिवसांनी. स्वातंत्र्याची घोषणा लंडनला कळली ऑगस्टच्या मध्यावर. या दरम्यान जी माणसं अजून जुन्या जगात जेवतात, झोपतात, राजासाठी प्रार्थना करतात, ती तुमची सर्वांत कोवळी प्रकरणं.

चौथी पायरी: रविवार बिनचूक लिहा

युद्धाचे तपशील चुकले तर इतिहासाचा अभ्यासक नाराज होईल. उपासनेचे चुकले तर ख्रिस्ती वाचक पुस्तक मिटेल. माझ्या पहिल्या खर्ड्यात बॉस्टनच्या एका काँग्रिगेशनल घरात नाताळची मेजवानी होती. ते अख्खं प्रकरण काढावं लागलं. त्या मंडळीत नाताळ पाळतच नसत. शास्त्रात तशी आज्ञा नाही, म्हणून 25 डिसेंबर हा कामाचा दिवस. पेनसिल्व्हेनियाच्या मोरेव्हियनांकडे मात्र नाताळ संगीताने भरलेला असे. इथे पुन्हा पहिली पायरी उपयोगी पडते.

न्यू इंग्लंडमध्ये इमारतीला चर्च म्हणत नसत, सभागृह म्हणत. शब्बाथ बऱ्याच घरी शनिवारी सूर्यास्तालाच सुरू होई. रविवारी सकाळ-दुपार दोन उपासना, हिवाळ्यातही आत शेगडी नाही. बाया पायाशी निखाऱ्यांची छोटी पेटी घेऊन बसत. बाकं घराण्यांची ठरलेली, आणि कोण कुठे बसतं त्यावरून गावातली पत कळे. क्वेकर सभेत यांतलं काहीच नाही: पाळक नाही, गीत नाही, बाप्तिस्म्याचं पाणी नाही, प्रभुभोजनाची भाकर नाही. नुसती शांतता, आणि आत्म्याने प्रेरणा दिली तर कोणीही, बाईसुद्धा, उठून बोलते. तोफांचा आवाज येत असलेल्या शहरात ती शांतता लिहून पाहा.

काळाबाहेरच्या वस्तू कटाक्षाने टाळा. ‘सायलेंट नाइट’ 1818 चं. ‘अमेझिंग ग्रेस’ इंग्लंडमध्ये छापलं गेलं 1779 मध्ये, आणि आज आपण गातो ती चाल त्याला जोडली गेली 1835 मध्ये. व्हॅली फोर्जच्या शेकोटीभोवती ते कोणी गाऊ शकत नाही. आयझॅक वॉट्सची स्तोत्रं चालतील. उपदेशानंतर लोकांना पुढे बोलावून निर्णय घ्यायला लावण्याची पद्धतही नंतरची. तेव्हाचा हृदयपालट संथ असे. महिनोन्‌महिने माणूस स्वतःच्या पापाकडे पाहत झुरे, आशा धरी, पुन्हा ढासळे, आणि मग कधीतरी मंडळीपुढे भीतभीत आपली साक्ष सांगे. एका रात्रीत तारण झालेला सैनिक आपल्याला हवासा वाटतो, पण हा लांबलेला झगडा कथेलाही अधिक देतो.

पाचवी पायरी: कोणत्या मराठीत?

इंग्रजीत लिहिणाऱ्यांना न मिळणारी एक देणगी इथे आपल्याला मिळते. क्वेकर माणूस सगळ्यांना एकाच एकेरी सर्वनामाने हाक मारायचा, शेतगड्याला तेच आणि गव्हर्नरला तेच. देवापुढे माणसं सारखी, म्हणून मानाचं बहुवचन नाही आणि टोपीही काढायची नाही. आजच्या इंग्रजी वाचकाला ते सर्वनाम नुसतं जुनाट वाटतं. मराठी वाचकाच्या कानाला ते बोचेल. तुमच्या मुलीला ब्रिटिश कर्नलसमोर उभं करा आणि बोलायला लावा: “तू आमच्या घरात घोडे बांधू नकोस.” दटावणी नाही, आवाज चढलेला नाही, फक्त ‘तू’. कर्नल का संतापला हे समजावून सांगावं लागणार नाही. आणि सभेतून काढलेल्या भावाने सैन्यात जाऊन वरिष्ठाला पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हटलं, की त्याने काय सोडलं ते त्या एका शब्दात उतरेल.

बाकी परिभाषा आपल्याकडे तयार आहे. पाळक, मंडळी, उपदेश, वचन, पश्चात्ताप, तारण, कृपा, प्रभुभोजन हे शब्द मराठी ख्रिस्ती घरांत दोनशे वर्षं नांदले आहेत. त्यांच्या जागी भारदस्त संस्कृत पर्याय शोधत बसू नका. मात्र आपल्या मंडळीबाहेरचा वाचकही हे वाचणार आहे, तेव्हा अर्थ प्रसंगातून कळू द्या. 1842 मध्ये नगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’चे जुने अंक मिळाले तर चाळा, जुनं ख्रिस्ती मराठी गद्य किती साधं आणि ठाम असू शकतं ते दिसेल. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची 1857 ची कादंबरीही एका ख्रिस्ती माणसानेच लिहिली. या वाटेवर तुम्ही पहिले नाही.

अमेरिकन पात्रांच्या तोंडी विठ्ठल-रखुमाई, पुरणपोळी किंवा आपल्या मातीतल्या म्हणी घालू नका. वाक्याचा डौल मराठी हवा, ताटातली भाकरी त्यांची मक्याची.

सहावी पायरी: सभागृहाच्या सज्ज्यात कोण बसलंय ते पाहा

गुलामांना आणि कृष्णवर्णीयांना बहुतेक ठिकाणी मागे किंवा वरच्या सज्ज्यात बसवत. स्वातंत्र्याच्या गर्जना त्यांनी तिथूनच ऐकल्या. फिलिस व्हीटली, लहानपणी आफ्रिकेतून बॉस्टनला विकत आणलेली मुलगी. 1770 मध्ये व्हाइटफील्ड वारले तेव्हा तिने लिहिलेल्या शोकगीताने ती प्रसिद्ध झाली. सुरुवातीची ती शवपेटी आठवा. फेब्रुवारी 1774 मध्ये मोहिगन जमातीचे पाळक सॅमसन ऑकम यांना लिहिलेल्या पत्रात तिने म्हटलं, की देवाने प्रत्येक माणसाच्या हृदयात स्वातंत्र्याची ओढ ठेवली आहे. कृष्णवर्णीय लेम्युएल हेन्स मिलिशियात होता. 1776 मध्ये त्याने गुलामगिरीविरुद्ध निबंध लिहिला, आणि पुढे तो गोऱ्या मंडळीचा पाळक झाला. उलट डेव्हिड जॉर्ज या बाप्टिस्ट उपदेशकाला मुक्ती मिळाली ती इंग्रजांच्या बाजूला; तो 1782 मध्ये नोव्हा स्कोशियाला गेला. त्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर ‘शत्रू’ कोण?

फिलाडेल्फियाच्या क्वेकर वार्षिक सभेने 1776 मध्येच ठरवलं, की गुलाम बाळगणारा सभासद राहू शकत नाही. तुमच्या नायिकेचा एखादा श्रीमंत काका त्या वर्षी काय करतो, हे उपकथानक आयतं हाती येतं.

आणि एक जागा अशी, जिथे मी अजून लिहू शकलेले नाही. 8 मार्च 1782, ओहायोतलं नाडेनहुटन. तिथले लेनापी या मूळ अमेरिकी जमातीचे लोक मोरेव्हियन ख्रिस्ती होते, युद्धापासून दूर राहणारे. पेनसिल्व्हेनियाच्या मिलिशियाने त्यांना मारायचं ठरवलं. त्यांनी तयारीला वेळ मागितला आणि रात्र प्रार्थनेत, स्तोत्रं गात काढली. सकाळी 96 जणांना ठार केलं, त्यांत 39 मुलं होती. मारणारेही स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते. ज्याला या विषयावर लिहायचं आहे त्याने हे निदान वाचलेलं असलं पाहिजे.

सातवी पायरी: दंतकथा दंतकथा म्हणूनच वापरा

वॉशिंग्टन बर्फात गुडघे टेकून प्रार्थना करताहेत हे चित्र फार प्रिय आहे, पण त्याला समकालीन पुरावा नाही. पीटर म्यूलनबर्ग यांनी व्यासपीठावरच पाळकाचा झगा उतरवून आतला गणवेश दाखवला, ही गोष्टही नंतर सांगितली गेली. ते पाळकाचे सेनापती झाले हे मात्र खरं. पाळक जेम्स कॉल्डवेल यांनी स्प्रिंगफील्डच्या लढाईत बंदुकीत ठासायला वॉट्सच्या गीतपुस्तकांची पानं वाटली, हीसुद्धा परंपरेने आलेली कथा. अशा गोष्टी तुमच्या पात्रांनी एकमेकांना सांगाव्यात, म्हाताऱ्याने नातवाला रंगवून ऐकवाव्यात. लेखकाने स्वतःच्या तोंडून त्या घडवू नयेत. खऱ्या व्यक्तींना शक्यतो कडेने येऊ द्या, आणि त्यांच्या तोंडी मोठे संवाद घालू नका.

आठवी पायरी: देवाला कथानकाचा नोकर करू नका

नायिकेने प्रार्थना केली आणि गोळी चुकली, असं एकदा लिहिलंत की पुढच्या प्रत्येक गोळीचा जाब वाचक विचारेल. व्हॅली फोर्जला सुमारे 2000 माणसं आजाराने गेली. त्यांच्या आयांनीही प्रार्थना केली होती. त्या काळची माणसं ‘दैवी योजना’ हा शब्द सतत वापरत, पण तो बहुधा दुःखानंतर, मागे वळून पाहताना. तुमच्या पात्रांनाही तो तेव्हाच सापडू द्या. काही पात्रांना तो न सापडताच पुस्तक संपलं तरी चालेल.

आता लिहायला बसा

पहिल्या प्रकरणापासून सुरू करू नका. एकच प्रसंग लिहा, दोन-तीन पानांचा. रविवार, 7 जुलै 1776. घोषणेनंतरचा पहिला रविवार. फिलाडेल्फियापासून एक-दोन दिवसांच्या वाटेवरचं छोटं अँग्लिकन चर्च. छापील घोषणा कोणीतरी शनिवारी रात्री आणली आहे. पाळकाने राजाच्या निष्ठेची शपथ घेतलेली आहे. समोर प्रार्थनापुस्तक उघडं आहे, आणि छापलेल्या शब्दांत राजा जॉर्जसाठीची विनंती ओळीओळीने जवळ येते आहे. पहिल्या बाकावर मिलिशियाचा कप्तान, तिसऱ्या बाकावर पाळकाची बायको, सज्ज्यात घोषणेतलं एक वाक्य कालच ऐकलेला गुलाम. पाळकाचा आवाज कुठे थांबतो, आणि त्या थांबण्यात कोण कोणाकडे बघतं, एवढंच लिहा.